पिवळसर थर

काचेखालच्या पाटीवर शेवटच्या ओळीत ‘पिवळसर’ असा शब्द होता, आणि तो वाचून जौरा भेंगरा जागच्या जागी थबकला. त्याच्या मागे शाळकरी मुलींची रांग होती. ती क्षणभर दाटली, मग त्याला वळसा घालून लोखंडी बाणांच्या कपाटाकडे निघून गेली. त्याने पाटी पुन्हा पहिल्यापासून वाचली. ‘लहान मृत्पात्र. सारजोमडीह, शिळा क्रमांक ३१ खाली. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे. निर्माते अज्ञात. आतील बाजूस पिवळसर थर, स्वरूप अनिश्चित.’ रांचीतले हे नवे संग्रहालय तासाभरापूर्वीच उघडले होते. फीत कापून झाली होती, भाषणे झाली होती, आणि आता पाहुणे कागदी बशांतून धुस्का खात दालनात हिंडत होते. तळणाचा तो रोजचा वास थंड केलेल्या हवेत उगाच उग्र वाटत होता. जौरा पुरातत्त्व खात्यात आरेखक होता. जमिनीतून निघालेल्या मडक्यांची चित्रे काढण्यात त्याची सत्तावीस वर्षे गेली होती. काठाचा बाक, पोटाचा फुगवटा, बुडाची जाडी. इतरांना चेहरे लक्षात राहतात तशी त्याला मडकी लक्षात राहत. या मडक्याच्या काठाला एके ठिकाणी अंगठा रुतेल एवढा खळगा होता, ओल्या मातीला कुणाचा चुकून धक्का लागावा तसा. खिशातल्या खिशात त्याच्या उजव्या हाताचा अंगठा वाकला आणि त्या खळग्यात बसला.

चौदा वर्षांपूर्वी आठवडी बाजारात हाच खळगा चाचपून तो कुंभारणीला म्हणाला होता की हे नको, दुसरे दे. आत्या बरोबर होती. तिने मडके त्याच्या हातून काढून घेतले. “राहू दे रे. चामीला कुठं सगळं नीटनेटकं आवडायचं? स्वतःचा पदर तरी कधी सरळ घेतला का तिनं?” कुंभारीण हसली, आत्या हसली, आणि आई जाऊन वर्ष होत आले असूनही जौराही हसला होता. त्या हसण्याची त्याला परतीच्या वाटेवर लाज वाटली होती, हेही आता काचेसमोर उभे असताना लख्ख आठवले. पुढच्या आठवड्यात, कापणी उरकल्यावर, वर्षभर वळचणीला टांगलेली आईची हाडे या मडक्यात भरून कुळाच्या शिळेखाली ठेवण्यासाठी खाली उतरवली गेली. आत्या उंबऱ्यावर बसली. एकेक हाड तिने कोमट पाण्याने धुतले, त्याला तेल चोळले, मग हळद. तान्ह्याला न्हाऊ घालावे तितक्या सवयीने तिचे हात चालत होते, आणि मध्येच ती शेजारणीशी बोकड कुणी कापायचा यावरून हुज्जतही घालत होती. डाव्या मनगटाचे हाड हाती आले तेव्हा ती थांबली. मोहाच्या झाडावरून पडून ते एकदा मोडले होते आणि वेडेवाकडे जुळले होते. त्या गाठीवर तिने हळद जरा जास्त लावली. तीन दिवस आत्याचे तळवे पिवळे होते. त्याच तळव्यांनी तिने त्याला भात वाढला होता. अनिश्चित, असे जौरा मनातल्या मनात म्हणाला. त्या शब्दाला काही चव आहे का हे पाहावे तसा त्याने तो जिभेवर घोळवला.

त्याच्या खांद्याला कुणी चाटून गेले, “एक्स्क्यूज मी” म्हणाले, आणि त्याने नकळत बाजूला होऊन काचेपुढची जागा करून दिली. एक बाई मुलीला सांगत होती, “बघ, किती हजार वर्षांपूर्वीचे लोक, आणि काही कळत नाही त्यांच्याबद्दल.” मुलगी कंटाळली होती. जौराच्या मनात आले की आपण बोलावे, सांगावे, की या लोकांपैकी निदान एकीबद्दल मला बरेच काही कळते: तिला मडुआची, म्हणजे नाचणीची, भाकरी जाड आवडायची, ती घोरायची, ती कुणाचेही नाव कधी नीट घेत नसे. खात्याच्या पुरातत्त्वज्ञाला, डॉक्टर परितोष बागचींना, ती ‘कागदवाला’ म्हणायची. तिशीतले बागचीसर जेव्हा पहिल्यांदा सारजोमडीहला आले, खांद्यावर कॅनव्हासची पिशवी आणि पायात शहरी बूट घालून, तेव्हा गावात त्यांना उतरवून घ्यायला कुणी तयार नव्हते. टेकडीच्या कुशीत, सालाच्या झाडांखाली पसरलेल्या गावातल्या कुळांच्या शिळा हा माणूस फूटपट्टीने का मोजतो, हे कुणाला कळेना. आईने, चामीने, त्याला पडवीत जागा दिली. “उपाशी माणूस दगड मोजेल नाहीतर काय करेल,” असे म्हणून तिने पानाच्या द्रोणात माड-भात, पेजेसकट भात, पुढे केला. मग अकरा हिवाळे ते तिच्या पडवीत उतरत राहिले. पंधरा वर्षांचा जौरा त्यांच्या फूटपट्टीचे दुसरे टोक धरायला लागला, मग पेन्सिल, मग कागद. सरांनी त्याला रांचीला आणले, शिकवले, खात्यात चिकटवले. रेघ मारताना श्वास कुठे रोखायचा आणि कुठे सोडायचा हे त्याला सरांनी शिकवले होते. आजही तो तसाच श्वास घेत होता.

सर संग्रहालयाच्या मागच्या बाजूला करंजाच्या झाडाखाली सापडले. हातात चहाचा पेला, गळ्यात अजून झेंडूचा हार. निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षे झाली होती, पण वारसास्थळे ठरवणाऱ्या समितीत त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नसे. जौराला पाहून त्यांचा चेहरा खुलला. “बघितलंस? चौदा नंबरचं कपाट. उजेड नीट पडलाय ना? मी दोनदा दिवे बदलून घेतले.”

“ते मडकं आईचं आहे, सर.”

सरांनी पेल्यावर फुंकर मारली. “हो,” ते म्हणाले.

दालनापासून झाडापर्यंत येताना जौराने पुष्कळ उत्तरांची तयारी केली होती. सर चकित होतील, नाकारतील, चष्मा काढून डोळे चोळतील, कुणा पोराने घोळ घातला म्हणतील. यातल्या प्रत्येकाला द्यायचे वाक्य त्याच्यापाशी होते. ‘हो’ त्या तयारीत नव्हते. मांडी घालून बसलेल्या माणसाच्या अंगाखालून चटई ओढावी तसे त्याला झाले.

“समितीला नुसते दगड पुरेनात,” सर समजावू लागले, वर्गात समजावत तसे, शांतपणे. “खालून काहीतरी काढून दाखवा म्हणाले. आणि एक लक्षात घे, तारीख खोटी नाही. सगळ्यात खालचा कोळसा खराच तेवढा जुना निघाला. तुमचीच माणसं अडीच हजार वर्षं तिथं हाडं ठेवतायत, हे मी सिद्ध केलं, जौरा. फक्त तळाची मडकी सगळी खापरं झालेली. अखंड एवढं एकच होतं, वरचं.”

“चौसष्ट शिळा आहेत. एकतीसच का?”

“नकाशावर तू तिथं बारीक ठिपका दिला होतास. बाकी कुणाला दिसला नसता. मला तुझी रेघ कळते.” मग अगदी जिव्हाळ्याने, त्याच्या दंडाला हात लावून म्हणाले, “अरे, दुसऱ्या कुणाच्या शिळेखाली हात घातला असता तर गावानं आम्हाला येऊ दिलं असतं का परत? तुझ्या घरची होती म्हणून मी निर्धास्त होतो. तू माझा आहेस.”

तो ठिपका जौराने तीन वर्षांपूर्वी शाईने दिला होता, आणि देताना श्वास रोखला होता. त्या हिवाळ्यात टेकडीचा दगड फोडून खडी करणाऱ्या एका कंपनीने अर्ज टाकला होता, आणि जवळच्याच दुसऱ्या गावच्या शिळा ट्रकांतून गेलेल्या जौराने स्वतः पाहिल्या होत्या. सर म्हणाले होते, एकच उपाय आहे, संरक्षित स्मारक. “पण जिवंत स्मशानाला कुणी स्मारक म्हणत नाही. लोक संपलेले असले की मगच त्याचा वारसा होतो. मी काही हा नियम केलेला नाही.” फॉर्मवर एक रकाना होता: ‘सध्याचा वापर’. जौराने त्यात ‘नाही’ असे लिहिले. दुसरा रकाना: ‘संबंधित कुळे वा वारस’. तिथेही ‘नाही’. नकाशावर शिळांना नावांऐवजी आकडे दिले. खाली सही केली. सरांनी वचन दिले होते की कुंपणाची किल्ली जौराच्या थोरल्या भावाकडे, सनिकाकडे राहील, हाडे ठेवायला कोण अडवतो आहे. ही फक्त कागदावरची गोष्ट आहे. आणि कागदावर कागदवाल्याचा शब्द, जौराला वाटले होते, आपल्या घरात जेवलेल्या माणसाचा शब्द. कुंपण आले, किल्ली चौकीदाराच्या करगोट्याला गेली. गेले दोन हिवाळे गावात कुणालाही शिळा उचलता आलेली नव्हती. सनिकाने फोनवर सांगितले होते, जौराने सरांना सांगितले होते, सर म्हणाले होते, कागद हलतो आहे. मग गेल्या फागुनात सरांनी त्याला पंधरा दिवस सिमडेगाकडे मोजणीला धाडले. तिथे तेवढे काही काम नव्हते. मोकळ्या दुपारी धर्मशाळेच्या खाटेवर पडून छताच्या वाशांची रेखाटने करताना त्याला बरे वाटले होते की सरांना आपल्या थकव्याची काळजी आहे.

“हाडं कुठायत?”

“स्टोअरमध्ये. कापसात ठेवलीयत, मी स्वतः.” सरांचा आवाज पहिल्यांदाच किंचित ओला झाला. “मी तिच्या हातचं जेवलोय रे. हे बघ, तुला त्रास होतोय ते दिसतंय मला. हाडं घेऊन जा तू. मी स्टोअरच्या बाईंना सांगून ठेवतो, नोंद होणार नाही. गावात जा, गुपचूप ठेवून ये. मडकं मात्र कपाटात राहू दे. आणि बाहेर बोलायचंच असेल तर बोल, मी अडवणार नाही. पण मग तुझा फॉर्म खोटा ठरतो. कुंपण निघतं. खडीवाले वाटच बघतायत.”

त्या क्षणी जौराला सुटल्यासारखे वाटले, आणि नंतर कित्येक तास त्याला स्वतःची चीड आली ती या सुटल्यासारखे वाटण्याची. त्याने मान हलवली होती. “बरं, सर,” असेही तो म्हणाला होता बहुधा. सर खुनशी असते तर सोपे झाले असते. त्यांनी त्याच्या मनाचा नकाशा काढून ठेवला होता. कुठे खणले तर आवाज होणार नाही ती जागा त्यांना ठाऊक होती, आणि ती जागा त्यानेच, हळुवार हाताने, ठिपका देऊन दाखवली होती. फसवणारा माणूस आपल्याला ओळखत नाही अशी त्याची आजवर समजूत होती. इथे नेमके उलटे झाले होते. इतके नीट त्याला आजवर कुणीच ओळखले नव्हते, बायकोनेही नाही.

रविवारी सकाळच्या बसने तो गावी गेला. सनिका अंगणात बसून सबई गवताचा दोर वळत होता. त्याने वर पाहिले नाही. दोराचे एक टोक त्याने पायाच्या अंगठ्यात धरले होते.

“या साहेब,” तो म्हणाला. “आमच्या घराचा नंबर किती लिहिलाय कागदावर? सापडलं ना बरोबर?”

“दादा, आईला काढलं तिथून.”

“मला सांगतोस? मी तिथं होतो.”

जौरा खाली बसला. सनिकाची बोटे थांबली नाहीत. “आला तुझा कागदवाला, चार माणसं घेऊन. मी म्हटलं, जौरा कुठाय? म्हणाला, त्याला विचारलंय, तो हो म्हणालाय, पण त्याच्यानं बघवणार नाही म्हणून आला नाही. मला पटलं. तुझा स्वभावच तसा. आबांना नेलं तेव्हापण तू गोठ्यामागं जाऊन बसला होतास.”

“मी हो म्हटलं नव्हतं. मला माहीतच नव्हतं. फोन का नाही केलास?”

“काय विचारू? का रे बाबा, आईला दिलंस का, असं?” दोराचा पीळ उलगडू नये म्हणून सनिकाने टोक दातात धरले, आणि मग सोडले. “वर्षभर वाट बघितली तू सांगशील म्हणून.”

एक वर्ष. दोघे भाऊ एका बसच्या अंतरावर, आणि एकाला काही ठाऊकच नाही, दुसरा भावाने आईला दिले म्हणून गप्प. सरांनी हेही ओळखले असेल का, असा विचार जौराच्या मनात आला, आणि असेलच, असेही त्याच श्वासात आले. त्याने भावाला सगळे सांगितले: पाटी, कपाट, फॉर्म, ‘नाही’, पुन्हा ‘नाही’. सांगताना त्याचा आवाज अहवाल वाचल्यासारखा सपाट होत गेला. शेवटी म्हणाला, “हाडं मिळतायत. कुणाला न कळता आणता येतील. पहाटे चौकीदार नसतो. आपण दोघं शिळा उचलू, आणि ठेवून देऊ. कुंपणही राहील, टेकडीही राहील.”

सनिकाने दोर बाजूला ठेवला. तो रागावेल असे जौराला वाटले होते, पण त्याचा चेहरा नुसता म्हातारा झाला.

“पहिल्यांदा नेलं तेव्हा कशी नेली होती आईला? आठवतं?”

आठवत होते. ढोल पुढे, बायका मागे, मडके आत्याच्या डोक्यावर. गावातल्या प्रत्येक घरापुढे मडके थांबले होते. प्रत्येक दारातून कुणीतरी बाहेर येऊन आईशी बोलले होते. कुणी रडले, कुणी जुने भांडण मिटवले, एका म्हातारीने तर तिला उसनी नेलेली सुपली परत न केल्याबद्दल शिव्या घातल्या आणि मग माफ केले. सगळी दारे झाल्यावरच शिळा उचलली गेली. त्याखेरीज शिळेखालची माणसे नव्या माणसाला जागा देत नाहीत.

“तिला आता चोरासारखी आत ढकलायची?” सनिका म्हणाला. “शिळेखालचे जागा देतील तिला? आबा देतील? येईल तर दारोदार येईल. भर दिवसा. आणि मग प्रत्येक दारात विचारतील, ही परत कुठून आली, तर काय सांगणार?”

“खरं सांगितलं तर खडीवाले येतील, दादा. उद्या सगळ्याच शिळा जातील.”

“येऊ देत. आपल्या आजोबांच्या आजोबांनी या शिळा खांद्यावर घेऊन कलकत्त्याची कचेरी गाठली होती, ही बघा आमच्या जमिनीची सनद म्हणून. आज मी काय दाखवू कचेरीत? माझा भाऊ तिथंच आहे, आणि त्यानंच लिहून दिलंय की याच्याखाली आमचं कुणी नाही.” सनिका उठला, धोतराला चिकटलेले गवत झटकू लागला. “कुंपणात राहिलेला दगड माझ्या काय कामाचा? त्याला तर माझं नावच माहीत नाही.”

जौरा अंगणातच बसून होता. ऊन सालाच्या झाडांवरून उतरून टेकडीच्या पायथ्याला लागले होते, आणि इथून तारांमागच्या शिळा गुडघे मुडपून बसलेल्या गुरांसारख्या दिसत होत्या. सरांनी त्याला शिकवले होते की नोंद करताना स्वतःला बाजूला ठेवायचे. तो बाजूला राहिला होता. सत्तावीस वर्षे तो इतक्या नेमस्तपणे बाजूला राहिला होता की स्वतःच्या आईच्या शिळेवर आकडा घालताना त्याचा हात हलला नव्हता. चूक बागचींनी केली, असे त्याला पुन्हा पुन्हा म्हणून पाहावेसे वाटत होते, आणि ते खरेही होते. पण त्या वाक्यात तो जिथे उभा राहू पाहत होता ती जागा रिकामी होती. फॉर्मवरच्या ‘नाही’चे अक्षर त्याचे स्वतःचे होते. ते कुणी त्याच्या हातून लिहवून घेतले असले तरी. त्याने पिशवीतून कागद काढला, मांडीवर फळी घेतली आणि आठवणीने नकाशाची बाह्यरेषा काढली. चौसष्ट आकृत्या, आकड्यांशिवाय. उद्या खात्यात द्यायच्या निवेदनाला हा जोडायचा. नोकरी जाईल, हे त्याला कळत होते. कदाचित टेकडीही. आईची मात्र मागणी करता येईल, नाव घेऊन, दिवसाढवळ्या.

वस्तीच्या टोकाचे पहिले घर गांगीकाकींचे. त्यांच्या वळचणीला, दाराच्या अगदी वर, दोरीने एक मडकी टांगलेली होती. लोपोकाका त्यात दोन हिवाळे खोळंबले होते. काकी उंबऱ्यात बसून तांदूळ पाखडत होत्या. पाहुणा आला की आधी तांब्या पुढे करायचा ही इथली रीत, आणि तांब्या त्यांच्या हाताशी होता, भरलेला. त्यांनी तांब्याच्या तोंडावरच पालथा पंजा ठेवला.

“काकी,” जौरा अंगणातच उभा राहून म्हणाला, “मी कागदावर लिहून दिलं होतं की त्या शिळांखाली आता कुणाचं कुणी नाही. मी सही केली.”

काकींनी सूप थांबवले. वर टांगलेल्या मडकीकडे पाहिले, मग त्याच्याकडे. “ते आम्हाला कधीच माहीत आहे. चौकीदारानं वाचून दाखवलं. तो बंगाली काय, परका माणूस, आला नि गेला. त्याचं मी मनावर घेत नाही.” त्यांनी तांदळातला एक खडा उचलून फेकला. “तुला मी अंगाखांद्यावर खेळवलाय.”

“नावं लिहायला आलोय. तुमच्या शिळेखालची. सगळी.”

“आत्ता आठवलं होय?” पण त्यांनी सूप खाली ठेवले. डोळे मिटले, आणि तळापासून सुरुवात केली. ज्यांना त्यांनी कधी पाहिले नव्हते त्यांच्यापासून. सात नावे झाली. एकेका नावानंतर त्या थांबत होत्या, जौराची पेन्सिल थांबेपर्यंत. आठव्याला त्यांनी वर बोट दाखवले. “आणि हा. जागा ठेव त्याची.”

जौराने आकृतीत जागा सोडली. मग त्यांच्या सांगण्यावरून आठही नावे मोठ्याने वाचून दाखवली. एक चुकले होते. त्यांनी ते दुरुस्त करून घेतले. उन्हाने त्याच्या घशाला कोरड पडली होती आणि ती त्यांना दिसत होती.

“ठीक,” काकी म्हणाल्या, आणि तांब्यावरचा हात न काढता त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतले. “आता पुढच्या घरी जा. पाणी तिथं माग, दिलं तर.”